न दिसणारा उतार

९ सप्टेंबर

सकाळी पावाला लावायला लोण्याची डबी उघडली तर आत लोणी नव्हतं, पिवळं तेल होतं. फ्रिजचं दार उघडल्यावर आतला दिवा रोज लागत होता, म्हणून मी समजत होते की फ्रिज चालू आहे. दिवा लागणं वेगळं आणि थंड होणं वेगळं. आई माझ्याबद्दल हेच म्हणायची, दिवा लागतो, पुढे काही होत नाही.

मामाने डबीत डोकावून पाहिलं. "चला, आजपासून लोणी प्यायचं," म्हणाला, आणि स्वतःच्याच विनोदावर हसता हसता बराच वेळ खोकत बसला.

दाराच्या कप्प्यात त्याची इंजेक्शनं होती, मामीने थर्माकोलमध्ये गुंडाळून दिलेली. हात लावला, खोका अजून गारसर होता. मामाच्या किडन्या थकल्यात, त्यामुळे अंगात रक्त कमी होतं. दर आठवड्याला एक सुई. आणि ते औषध गरमही होऊ द्यायचं नाही आणि गोठूही द्यायचं नाही, नव्या सुनेसारखं जपायचं. मामीने आम्हाला सोडलं ते याच अटीवर. "इंजेक्शन थंड राहिलं तर फिरा. नाही राहिलं तर त्याच दिवशी गाडी मागे वळवायची. तुझ्या मामाचं ऐकायचं नाही, माझं ऐकायचं." मी जोरजोरात मान हलवली होती. गाडी मला चालवायला मिळणार याच्यापलीकडे माझ्या डोक्यात तेव्हा काही नव्हतं.

ही राहायची गाडी मामाने जुनी घेतली. मागे शेगडी, बेसिन, मधोमध फ्रिज, एका बाजूला मामाचा, गाडीच्या लांबीत बसवलेला पलंग, उशी ड्रायव्हरच्या बाजूला. माझ्यासाठी छताखाली माळा, तिथे मी सुटकेससारखी झोपते. निघालोय ते वर डोंगरातल्या एका गावाला. तिथल्या मंडईच्या इमारतीची फरशी मामाने तरुणपणी बसवली होती, त्याच्या मिस्त्रीच्या हाताखाली. "एवढी मोठी फरशी. बघशील तर सपाट. पण कुठेही पाणी ओत, जाळीतच जातं. फरशीला उतार हवा आणि तो दिसता कामा नये." लहानपणापासून मी हे ऐकतेय. आता त्याला एकदा तिथे जाऊन पाणी ओतून बघायचंय. डॉक्टरने यंत्रावर रक्त धुवायला बसायची तारीख दिली होती, ती डॉक्टरनेच पुढे ढकलली म्हणे. म्हणाला, आधी फिरून या.

एक गोष्ट लिहून ठेवते, जराशी वाईट वाटण्यासारखी. मुक्कामाला गाडी लावताना मामा स्वतः खाली उतरतो, जागा निवडतो आणि पुढच्या चाकांखाली लाकडी फळी टाकायला लावतो. मग गाडीचं नाक वर होतं.

काल मी म्हटलं, "मामा, गाडी आभाळाकडे बघतेय."

"सरळ आहे."

"टेबलावरचं संत्रं मागच्या दारापर्यंत गेलं."

"संत्रं गोल असतं, जाणारच. मी जन्मभर हेच काम केलंय, भिंगरे, तू मला शिकवू नकोस."

"मग पिशवीतून तुझी पाणसळ काढ ना. बुडबुडा कुठे जातो ते बघू."

"तिची नळी फुटलीय," म्हणाला आणि पलंगावर जाऊन टेकला.

पाणसळ म्हणजे त्याची लाकडी पट्टी, मधे काचेची नळी आणि नळीत तो बुडबुडा. दोन फरश्यांमधला कागदाएवढा फरक या माणसाला पट्टी न लावता दिसायचा. आता गाडी अर्धी उभी राहिली तरी दिसत नाही. वय झालेल्या माणसाला प्रत्येक गोष्टीत खोटं पाडू नये.

१० सप्टेंबर

कालच पंपावरून बर्फाची पिशवी आणली. रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये बर्फ, त्यावर जाड टॉवेल, त्यावर इंजेक्शनचा खोका. बर्फ वितळला की पाणी फेकायचं, पुन्हा बर्फ आणायचा. आजचा दिवस यातच गेला. वर घाटात बर्फ विकणारं कुणी नाही असं पंपावरची बाई म्हणाली. म्हणजे फ्रिज दुरुस्त झाल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

मामीचा फोन. "थंड आहे ना?"

"बर्फासारखं." खोटं नाही बोलले.

"पाणी मोजून पितो?"

"हो." हे खरं आहे. दिवसाची एक छोटी बाटली असते त्याची, तीच पुरवतो. मला त्याच्यासमोर पाणी प्यायला लाज वाटते, मी मागे जाऊन पिते.

मामाने रस्त्यावरच्या दुकानातून चपला घेतल्या, नेहमीपेक्षा मोठ्या. म्हणतो प्रवासात पाय सुजतात. माझे सुजत नाहीत, पण मी चालवते, तो नुसता बसतो. बसून सुजत असतील.

११ सप्टेंबर

पंपावरच्या बाईने पत्ता दिला. गावाबाहेर एक अंगण, त्यात जुन्या गाड्या, भिंतीला टेकवून ठेवलेली फ्रिजची दारं, आणि आडव्या पाडलेल्या एका फ्रिजमध्ये मांजर व्यालेलं. पिल्लं चार, त्यातल्या एकाचा एकच कान काळा. त्यांच्याशी खेळण्यात माझा इतका वेळ गेला की दुरुस्तीवाली स्वतःच बाहेर येऊन म्हणाली, "मांजर विकायचं नाही. दुसरं काही काम असेल तर बोल."

तिला सगळे ताई म्हणतात. मामाच्या निम्म्या वयाची असेल, कंबर धरून चालते. तोंडाने मात्र अजिबात थकत नाही. काम करता करता तिने नवऱ्याची, सासूची आणि या अंगणाच्या मालकाची एवढी निंदा केली की मला ते तिघे ओळखीचे वाटायला लागले.

गाडीच्या बाहेरच्या बाजूला एक जाळीची खिडकी आहे, मला वाटायचं ती हवेसाठी आहे. तिने ती काढली. आत फ्रिजची पाठ दिसली. नळ्याच नळ्या, आणि खाली चिमणीएवढी ज्योत.

"फ्रिजखाली आग?" मी विचारलं.

"मग काय, पंखा घालणार? हा घरच्यासारखा फ्रिज नाही. याला मोटर नाही. हा गॅसच्या ज्योतीवर थंड होतो."

"तापवून थंड करायचं?"

"हो. माझा नवरा याच्या उलट आहे."

ज्योत पिवळी आणि वाकडी होती, निळी आणि सरळ हवी. तिने बर्नर सोडवला. गॅस यायचं भोक सुईच्या टोकाहून बारीक, त्यात काजळी, आणि वर चक्क कोळ्याचं जाळं. मी तार घालून भोक साफ करायला गेले तर तिने माझ्या हातावर चापट मारली. तार घातली की भोक मोठं होतं आणि ज्योत कायमची बिघडते. स्पिरिटमध्ये बुडवून ठेवायचं आणि फुंकायचं. चिमणी ब्रशने घासली. माझं नाक, कपाळ, सगळं काळं झालं. मामा खुर्चीवर बसून बघत होता. म्हणाला, "आज पहिल्यांदा काम केल्यासारखी दिसतेयस."

ज्योत निळी झाली. ताईने हात पुसले. "झालं. उद्या सकाळपर्यंत बर्फ धरेल."

याच्याआधी मी बेकरीत होते, फोटो स्टुडिओत होते, रोपवाटिकेत होते. कुठेच टिकले नाही. हे काम मात्र शिकावं असं वाटतंय. असं मला पहिल्या आठवड्यात नेहमीच वाटतं.

१२ सप्टेंबर

नाही धरला. फ्रिज आतून कपाटासारखा कोमट. पुन्हा बर्फ आणला.

मामा म्हणाला, रात्री झोप लागली नाही. ताईच्या अंगणात जमीन सपाट आहे आणि चाकांखाली फळी टाकायला मी विसरले होते. आज त्याने आठवणीने दोन टाकायला लावल्या. एकीने भागत नाही म्हणे. मी टाकल्या. फार दमलेय, वाद कोण घालणार.

१३ सप्टेंबर

ताई आज गंभीर होती. जाळी काढून तिने माझा हात धरला आणि नळ्यांना लावत गेली. खाली ज्योतीजवळचा भाग, चटका बसला. वरच्या पात्या, गार. "इथपर्यंत उष्णता यायला हवी. येत नाही. मधे अडलंय."

मग तिने समजावून सांगितलं. मला कळलं तसं लिहिते.

नळ्यांच्या आत पाणी आहे आणि त्या पाण्यात अमोनिया विरघळलेला आहे, नाक जाळणारा वायू. खाली ज्योत तापवते तेव्हा अमोनिया पाण्यातून सुटतो, आणि त्याचे बुडबुडे उकळत्या चहासारखे पाण्यालाही बारीक नळीतून वर ढकलतात. वर गेल्यावर अमोनिया पात्यांमध्ये निवतो, त्याचं पाणी होतं. ते फ्रिजच्या आतल्या नळ्यांमध्ये उतरतं. तिथे दुसरा एक वायू आधीच भरलेला असतो, त्याच्या संगतीत अमोनियाचं पुन्हा वाफेसारखं होतं, आणि असं होताना तो आजूबाजूची ऊब ओढून घेतो. दूध, लोणी, इंजेक्शन, सगळ्यांची. मग तो खाली घसरतो, तिथे जुनं पाणी त्याला पिऊन टाकतं, आणि पुन्हा ज्योतीपाशी. मोटर नाही, पंप नाही, एकही चाक नाही.

"मग हे फिरतं कशावर?" मामाने विचारलं. तो खुर्ची ओढून जवळ आला होता.

"उतारावर, काका. प्रत्येक नळीला थोडा थोडा उतार दिलेला असतो. बघून कळणारसुद्धा नाही."

मामा हसला, किती दिवसांनी. "आत आपला माणूस बसलाय म्हणजे."

"म्हणून तर गाडी सपाट उभी लागते. गाडी तिरकी असली की आतले उतार बिघडतात. पाणी भलत्याच ठिकाणी साचतं, खाली ज्योत कोरडं भांडं तापवत बसते. गंज धरू नये म्हणून पाण्यात एक खार घातलेला असतो, तो करपतो आणि त्या बारीक नळीत बसतो. थोडा थोडा, रोज थोडा. चालत्या गाडीत तिरकं झालं तरी हरकत नाही, हिंदकळत राहतं. एका जागी तिरकं थांबलं की मेला." मग तिने गाडीच्या पुढच्या चाकांकडे बघितलं. दोन फळ्या. "हे कुणी केलं?"

मी मामाकडे बघितलं. मामा स्वतःच्या पायांकडे बघत होता.

"मी लावते गाडी," मी म्हटलं. "मला सपाट काय ते कळत नाही." म्हाताऱ्याची नजर गेलीय हे परक्या बाईपुढे कशाला सांगायचं?

ताईने तिची पाणसळ फ्रिजवर ठेवली. बुडबुडा एका टोकाला जाऊन चिकटला. ती म्हणाली, "पोरी, एवढं आंधळ्यालाही कळतं." मग गाडीत शिरून तिने सगळीकडे नजर फिरवली, पलंगाकडे, उशीकडे, पलंगाखालच्या मोठ्या चपलांकडे. बाहेर आली तेव्हा तोंड बंद होतं. तिचं तोंड बंद मी पहिल्यांदाच पाहिलं.

बरं म्हणजे नळी कुठे फुटलेली नाही. फुटली असती तर पिवळी पूड दिसली असती आणि डोळ्यांतून पाणी आलं असतं. खरा इलाज म्हणजे मागचा सगळा नळ्यांचा सांगाडा नवा. तो यायला महिना. आणि दुसरा इलाज फिरस्त्यांचा. फ्रिज बाहेर काढायचा आणि उलटा करायचा. आतलं पाणी उलटसुलट झालं की बसलेला खार कधी सुटतो, कधी नाही.

"महिना नको," मामा पटकन म्हणाला. "उलटा करा."

"घाई आहे, काका?"

"हिला आहे. एका जागी बसत नाही ही."

मी कुठे काय म्हटलं होतं?

१४ सप्टेंबर

बोटं वळत नाहीयेत, थोडंच लिहिते. गॅस बंद केला, नळी सोडली, साबणाचं पाणी लावून गळत नाही ना ते पाहिलं. वायरी सोडल्या. मग स्क्रू, असे स्क्रू की ते बसवणारा माणूस पुन्हा कधी कुणी ते काढू नयेत अशा इच्छेने जगला असावा. फ्रिज दारातून निघेना म्हणून दार काढलं. ताईची कंबर, माझे हात, आणि मामा पायरीवर बसून "डावीकडे, डावीकडे" करतोय. एकदा तो मदतीला उठला. दोन पावलं आला आणि गाडीला धरून उभा राहिला, ओठ मिटून, नाकाने श्वास घेत. ताई त्याला अशी ओरडली की तो शाळकरी पोरासारखा परत जाऊन बसला.

फ्रिज अंगणात डोक्यावर उभा केला. आतून गुडगुड आवाज आला, पोटात येतो तसा. ताई म्हणाली, हा चांगला आवाज. थोड्या वेळाने कुशीवर, मग दुसऱ्या कुशीवर, मग पुन्हा डोक्यावर. दिवसभर आम्ही त्याला आजाऱ्यासारखं कूस बदलून देत होतो.

१५ सप्टेंबर

आज सरळ उभा करून नुसतं थांबायचं. आतलं सगळं खाली बसू द्यायचं. लगेच ज्योत लावली तर केलेलं वाया जातं.

थांबणं मला जमत नाही. पिल्लांना बघितलं. काळ्या कानाचं फार खोडकर आहे, आईच्या अंगावरून सगळ्यांना ढकलतं. ताईच्या सगळ्या स्क्रूंची आकाराप्रमाणे मांडणी केली. तिने ती बघितली आणि कपाळाला हात लावला, कारण तिची आधीची मांडणी वेगळ्या हिशोबाची होती. परत विस्कटली.

मामा दुपारभर खुर्चीत बसूनच झोपला. मान पुढे पडली होती. मी उशी घेऊन गेले, म्हटलं, गाडीत जाऊन आडवा हो ना. डोळे न उघडता म्हणाला, "आडवं झालं की कंटाळा येतो."

आडवं झाल्यावर कंटाळा आलेला माणूस मी अजून पाहिला नव्हता.

संध्याकाळी ताईने त्याला विचारलं, मी ऐकलं, "पोरीला सांगितलंय का?"

मामा म्हणाला, "काय सांगायचं? तिला दिसतंय ते दिसू द्या."

मला वाटतं फ्रिजबद्दल बोलत होते. म्हणजे तो बहुतेक सुधारणार नाही.

१६ सप्टेंबर

सुधारला!

फ्रिज आत बसवला, चाकांखालच्या फळ्या काढल्या, पाणसळ ठेवून गाडी नीट केली, ज्योत लावली. ताईने माझा हात पुन्हा नळ्यांना लावला. खाली गरम, आणि हळूहळू वरच्या पात्याही गरम. मी आयुष्यात कशाला तरी गरम लागल्याबद्दल इतकी खूश झाले नव्हते. दुपारनंतर बर्फाच्या ट्रेवर पातळ साय धरली. इंजेक्शनं परत दाराच्या कप्प्यात. थर्मास धुऊन पालथा घातला. मामीला फोन केला आणि पहिल्यांदा सरळ आवाजात सांगितलं, थंड आहे.

ताई म्हणाली, "आता एक लक्षात ठेव. पुन्हा तिरका थांबला तर पुन्हा उलटा करूनही उठायचा नाही."

मामाने ऐकलं. मान हलवली.

१७ सप्टेंबर

मामा पलंगावर झोपलाच नाही. ड्रायव्हरच्या सीटवर बसून रात्र काढली. म्हणतो समोरच्या काचेतून दिसतं छान. काय दिसतं? फ्रिजची दारं आणि ताईचं धुणं.

चिडले मी. इतक्या कष्टाने फ्रिज दुरुस्त केला आणि याचा हट्ट सुरू. चेहरा राखेसारखा झालाय. म्हटलं, "तुझा पलंग मोकळा आहे, तर मी झोपते त्यावर," आणि दुपारी झोपले. सपाट, मऊ. सुटकेसच्या मानाने स्वर्ग.

पण झोप लागेना. पडल्या पडल्या बघत होते तर पलंगाच्या उशीकडच्या भिंतीवर एक खूण दिसली, पेन्सिलची बारीक आडवी रेघ. तिच्यावर आणखी एक. त्यावर आणखी एक. फरशीवाला खुणा करतो तशा, पट्टी लावून काढलेल्या, स्वच्छ. नजर गेलेल्या माणसाला अशा रेघा काढता येत नाहीत.

उठून बसले. मग पुन्हा आडवी झाले. मग उशीखाली मांड्यांवरच्या गोधडीची घडी घातली, आणखी एक घातली, आणि डोकं वर करून बघितलं. पहिली रेघ. दुसरी रेघ. प्रत्येक वेळी डोकं आणखी उंच, श्वास पुरावा म्हणून.

त्याला सपाट काय ते कळत होतं. रोज किती तिरकं हवं तेसुद्धा नेमकं कळत होतं.

आज पुढे लिहवत नाही.

१८ सप्टेंबर

सकाळी काही न बोलता गाडीतून फळ्या घेतल्या आणि चाकांऐवजी पलंगाच्या उशीकडच्या पायांखाली घातल्या. दोन. गाडी सपाट, पलंग तिरका. फ्रिजचं फ्रिजपाशी, मामाचं मामापाशी. एवढी साधी गोष्ट, आधी सुचली असती तर चार दिवस वाचले असते.

मामा आला, बघितलं, टेकला. "अजून एक घाल," एवढंच म्हणाला. मी तिसरी घातली.

मग त्याने पिशवीतून त्याची पाणसळ काढली. काच धडधाकट होती. त्याने ती फ्रिजवर ठेवली, खाली वाकून बुडबुडा बघितला, गाडी सपाट आहे ना याची खात्री केली. "नळी कधी दुरुस्त केलीस?" मी विचारलं.

"तू मांजरांशी खेळत होतीस तेव्हा."

मग तो आडवा झाला आणि दुपारपर्यंत गाढ झोपला. मी पायरीवर बसून त्याचा श्वास ऐकत होते. मधे मधे आतून फ्रिजची गुडगुड येत होती. दोघांचा आवाज जवळपास सारखाच आहे.

ताई निरोप द्यायला आली तेव्हा पलंगाखाली बघून तिने विचारलं, "किती?"

"सकाळी दोन. आता तीन."

"वर जाणार आहात?"

"मंडई बघायची आहे त्याला. जवळच आहे."

"जा आणि लगेच खाली उतरा. मोठ्या दवाखान्याच्या बाजूला. वाटेत कुणी मांजर दाखवलं तरी थांबू नकोस."

काळ्या कानाचं पिल्लू ती मला देणार होती असं मला वाटत होतं. नाही दिलं. बरोबरच केलं.

२० सप्टेंबर

हे खाली उतरताना पंपावर लिहितेय, टाकी भरेपर्यंत.

मंडई दुपारची बंद होती, पण राखणदाराने लहान दार उघडलं. मंडईला पायऱ्या आहेत. मामा गाडीतून उतरला, पायऱ्यांपर्यंत आला, त्यांच्याकडे बघितलं आणि माघारी येऊन गाडीच्या दारात बसला. मी म्हटलं, पाठीवर घेते. म्हणाला, "पडलो तर फरशी माझी, डोकंही माझंच. तू जा."

मी बेसिनपाशी तांब्या भरायला लागले तर त्याने थांबवलं. त्याची दिवसाची बाटली पुढे केली, भरलेली, फ्रिजमधून काढलेली, बाहेरून घाम आलेली. "हे ओत."

"मग तू काय पिशील?"

"बर्फ दे एक. पुरेल मला."

ट्रेमधला एक खडा त्याच्या हातावर ठेवला आणि आत गेले.

केवढी फरशी आहे! करडी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि खरंच सपाट. मी ओणवी होऊन गाल टेकवून बघितलं, उतार कुठेच दिसेना. राखणदाराला काय वाटलं असेल कोण जाणे. सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात बाटली ओतली. पाणी जरासं घुटमळलं आणि निघालं. घाई नाही, काही नाही. दोन खांबांच्या मधून, कट्ट्यांच्या कडेने, कुणीतरी बोट धरून नेल्यासारखं. मी त्याच्याबरोबर चालत होते.

मधेच एका ठिकाणी कुणीतरी नंतर नव्या फरश्या घातल्यात, रंग थोडा वेगळा. तिथे पाणी आलं आणि थांबलं. थाळीएवढं तळं झालं. मी वाट पाहिली. मला वाट पाहता येत नाही तरी पाहिली. ते हलेना. शेवटी चपलेने पुढे ढकललं, त्या फरश्यांच्या पलीकडे. जुन्या फरशीवर पोचल्याबरोबर ते पुन्हा आपलं आपण चालायला लागलं आणि जाळीत गेलं. आवाज आला.

बाहेर आले. मामा तोंडात बर्फ धरून बसला होता, गाल फुगलेला.

"गेलं?"

"गेलं."

"कुठे थांबलं नाही ना?"

"नाही. सरळ जाळीत."

त्याने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. मग माझ्या डाव्या चपलेकडे, ती ओली होती. बर्फ चावला.

"उतार दिसला?"

"नाही दिसला."

"मग ठीक," म्हणाला. "चल खाली. मामीला सांग, येतोय. डॉक्टरला सांगायला सांग, मी बसतो म्हणावं यंत्रावर."

मामीला फोन केला. आधी तिकडे काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "त्याने स्वतः सांगितलं?" मी हो म्हटलं. "इंजेक्शन राहू दे गं आता, तू नीट चालव," म्हणाली. अटीचं तिने नावच काढलं नाही.

पलंगाखाली चार फळ्या आहेत. आणखी माझ्याजवळ नाहीत. मामा जागा आहे, पाणसळ छातीवर धरून बुडबुड्याचा खेळ बघतोय, उतारावर तो सारखा एका बाजूला पळतोय. मी विचारलं, फ्रिजचं काय? तो म्हणाला, "चालत्या गाडीत काही होत नाही म्हणाली ना ती. थांबलं तरच."

टाकी भरली. आता मधे कुठे थांबायचं नाही.